राजाकडे बघणारे शिपाई

एक राजा होता. हैबतराव त्याचं नाव. नाव ऐकून दचकू नका, तो स्वतः पालीला घाबरायचा.

या राजाला एकच नाद. खेळण्यातलं सैन्य जमवायचा. शाडूचे भालेवाले, शिशाचे तोफवाले, लाकडाचे घोडेस्वार. छताला दोऱ्याने टांगलेलं एक लाकडी विमान पण होतं. बाकी सगळं दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, ओळीने मांडलेलं. रोज सकाळी राजा कोंबडीचं पीस घेऊन एकेकाची मिशी झटकायचा. राज्य कोण चालवायचं? चालायचं आपलं आपण. ए दिप्या, पाय मारू नको, सांगतोय ना.

तर दाराशी एक खराखुरा पहारेकरी होता, गेनू. बारा वर्षं तिथंच, राजाकडे पाठ करून उभा. एक दिवस राजाचं डोकं फिरलं.

"गेनू, राजाला पाठ दाखवतोस?"

"तुमच्याकडे बघत बसलो, तर येणाऱ्याकडे कोण बघणार, महाराज?"

"माझे मातीचे शिपाई बघ किती शहाणे. उद्यापासून सगळे माझ्याकडे बघणार."

"शिपाई तोंड कुणाकडे करतो, ते जरा आठवून बघा," गेनू म्हणाला.

राजाने त्याला कामावरून काढलाच. गेनूने भाला कोपऱ्यात ठेवला आणि गेला घरी.

मग राजाने सगळ्या शिपायांची तोंडं झोपाळ्याकडे वळवली. विमानाचं नाक पण. कारण दुपारी राजा झोपाळ्यावर पडायचा आणि त्याच्या पोटावर त्याची मुलगी, गोदी. चार वर्षांची. आई नव्हती तिला, त्यामुळे बापाच्या पोटाशिवाय झोप यायची नाही.

पहिली दुपार. बाहेर टळटळीत ऊन. कावळासुद्धा गप्प. राजाला जाग आली, बघतो तर कपाटातली पहिली ओळ काचेला नाकं लावून उभी. राजा म्हणाला, उंदीर असेल. अख्खी ओळ ढकलणारा उंदीर, बरं का.

दुसरी दुपार. कपाटाचं दार उघडं. शिपाई फरशीवर आलेले. ओळ मोडली नव्हती. मागे धुळीत इवल्या इवल्या पावलांच्या रांगा. राजाने गपचूप सगळे उचलून ठेवले, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. बोलला कुणालाच नाही. काय बोलणार, खेळणी चालतात म्हणून?

तिसऱ्या दुपारी राजाने ठरवलं, झोपायचंच नाही. पण गोदी पोटावर घोरायला लागली. झोपाळा करकर, करकर. मग लागला की डोळा.

जाग आली ती करकर थांबली म्हणून. कुलूप फरशीवर पडलेलं. झोपाळ्याभोवती तोफांचा गोल. भालेवाले साखळ्या चढून गादीच्या काठावर आलेले. वारा नव्हता, तरी छताचा दोरा हळूहळू उलगडत होता आणि विमान खाली येत होतं. सगळ्यात पुढच्या शिपायाच्या भाल्याचं टोक गोदीच्या टाचेला टेकलं होतं. तिथं एक लाल ठिपका.

राजाने गेनूला हाक मारायला तोंड उघडलं. गेनू कुठला? तो घरी शेंगा सोलत बसलेला.

राजाने गेनू आठवला, तर आठवली नुसती पाठ. बारा वर्षं पाठच बघितली होती ना. मग त्याला गेनूचं बोलणं कळलं. शिपाई तोंड करतो ते शत्रूकडे. ज्याला राखायचं, त्याच्याकडे पाठ. आणि हे दोनशे जण त्याच्याकडे बघत होते. त्यानेच बघायला लावलेले. बिचारे कामाला लागले होते.

राजाने श्वास रोखला. दोन बोटांनी पुढचा भालेवाला धरला आणि हळूच फिरवला. पाठ इकडे, तोंड खिडकीकडे. शिपाई ताठ उभा राहिला. मग दुसरा फिरवला. मग तिसरा. काठ मोकळा झाल्यावर गोदीला खांद्यावर टाकून राजा खाली उतरला आणि फरशीवर रांगत रांगत एकेक तोफ वळवली. पार उन्हं कलली. शेवटी विमानाचं नाक खिडकीकडे केलं. दोरा थांबला. गोदीने कूस बदलली, बस.

सकाळी खिडकीखालच्या ओल्या वाफ्यात पावलं दिसली. माणसाची म्हणावीत तर फार मोठी. खिडकीपर्यंत आलेली, आणि तिथूनच परत फिरलेली. कुणाची, ते आजपर्यंत कळलं नाही.

राजा तसाच अनवाणी गेनूच्या दारात गेला.

"चल बाबा गेनू. माझ्याकडे पाठ करून उभा राहा."

"एवढ्या शेंगा संपवतो आणि येतो," गेनू म्हणाला.

मग गेनू दाराशी, शिपाई खिडकीशी आणि गोदी बापाच्या पोटावर. सगळे सुखात राहिले. तुम्ही पण झोपा आता. डोळे मिटा.

आणि दिप्या, फळीवरचे तुझे प्लॅस्टिकचे शिपाई आहेत ना, ते सगळे खिडकीकडे फिरवून ठेवलेत. एक राहिलाय. कोणता, ते उठून बघायचं नाही.