भोपळ्यातली गाठ

खूप जुनी गोष्ट आहे मंडळी. इतकी जुनी, की तेव्हा रानाची वेस माणसं ठरवत नसत, रानच ठरवायचं.

त्या रानाला लागून एक गाव होतं. गावाचा एक नेम होता. दरवर्षी एका घरानं रानदेवीसाठी भोपळा वाढवायचा. साधासुधा नव्हे, दोघांच्या कवेत न मावणारा. दसऱ्याला तो वेशीच्या दगडावर फोडायचा. आतून निरोगी निघाला, तर वर्षभर रान गावाकडे फिरकत नसे. कुजका निघाला, तर त्या घरातलं एक जितं जनावर दगडापाशी बांधून यायचं. सकाळी जनावर नसे. दावं मात्र तिथंच असे, गाठ न सुटलेली.

त्या वर्षी पाळी भिवबा माळ्याची होती. त्याच्या घरात जनावर एकच, पवळ्या बैल. पोटच्या पोरासारखा वाढवलेला.

भोपळा असा धरला, की लोक लांबून बघायला येत. भिवबाची मान ताठ झाली. आणि एके दिवशी पवळ्याचाच खूर थोरल्या वेलीवर पडला. वेल उभी चिरली.

बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, जखम उघडी ठेवा. राख लावा, ऊन लागू द्या. पुढची पेरं मातीत दाबा, तिथं नवी मुळं फुटतील. भोपळा जगंल."

"आणि लोकांनी बघितलं म्हंजे? माळी असून एक वेल राखता येईना म्हणतील."

"म्हणतील की! दोन दिस म्हणतील, मग त्यांची तोंडं दुखतील."

"तू चूल राख. वेल मी राखतो."

भिवबानं जखमेवर ओला चिखल थापला. मुंडाशाची चिंधी फाडून वर आवळली, तीन गाठी मारल्या आणि पाल्यानं सगळं झाकलं. बाजारात मुरलेला माणूस फळ बघत नाही, आधी देठ बघतो. पण गाव भोपळाच बघत होतं आणि वाहवा करत होतं.

तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, पिकलाय का बघावं म्हणून भिवबानं भोपळ्यावर बोटानं टक् केलं.

आतून उत्तर आलं. टक्.

त्यानं सालीला कान लावला. एवढ्या उन्हात साल बर्फासारखी गार होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनदा वाजलं. मग तीनदा. वारा नसताना पानं उलटी व्हायची. पवळ्या बांधापर्यंत यायचा आणि तिथंच पाय रोवायचा, ओढला तरी पुढं येत नसे.

"अजून वेळ आहे," ठकूबाई म्हणाली. "सोडा ती चिंधी."

भिवबानं पाल्यात हात घातला. बोटांखाली काहीतरी हळूच आवळलं गेलं. त्यानं हात झटकन मागं घेतला. "दसऱ्याला दोनच दिवस राहिलेत," तो म्हणाला. "निभावेल."

दसऱ्याला वेशीवर सारं गाव जमलं. गुरवानं कोयता उचलला आणि विचारलं, "भिवबा, वेल धड होती ना रं?"

"धड होती."

कोयता पडला. भोपळा दुभंगला. आत गर नव्हता, बी नव्हतं. काळं पाणी होतं, आणि त्या पाण्यात एक चिंधी. मुंडाशाची. तीन गाठी मारलेली.

ठकूबाईनं चिखल-चिंधीचं सांगून टाकलं, तसा एक जण मळ्यात धावत गेला आणि पांढरा पडून परत आला. वेलीवर ना चिखल होता, ना चिंधी. नुसती जखम, उघडी.

भिवबा स्वतःच पवळ्याला घेऊन आला. बैल नेहमीसारखा त्याचा हात चाटत होता. "खूर तुझा लागला रं," भिवबा पुटपुटला, "पण मारलं तुला मी." बांधताना दाव्याला एकाच्या तीन गाठी बसल्या.

सकाळी दगडापाशी दावं होतं. गाठी तीन होत्या.

त्यानंतर पाळी कुणाच्याही घरी असो, भिवबा न बोलावता त्यांच्या मळ्यात जायचा. आधी पाला बाजूला सारायचा. वेल चिरलेली दिसली, की साऱ्या गावाला हाका मारून दाखवायचा, आणि मगच जखमेला राख लावायचा.

लक्षात ठेवा मंडळी: उघडी जखम उन्हानं सुकते, झाकलेली जखम आतल्या आत वाढते आणि निष्पापाचा बळी घेते.