भोरकड्याच्या एकशेनऊ पायऱ्या

बसा जरा, दम खा. समोर दिसतोय तो भोरकडा. उजव्या अंगाला रुंद खिंड, डाव्या अंगाला उभा कडा आणि कड्यात या बुटक्या पायऱ्या. वाडी वर पठारावर आहे. आता ही आमची छापील चादर बघा. डोंगर हाच, पण खिंड डावीकडे! पाहुणे हसतात, रंगाऱ्याला डावं-उजवं कळत नाही म्हणतात. सांगून सांगून कंटाळा आला बघा, पण आलात तर ऐका.

फार मागे लागोपाठ दुष्काळ पडले, असं सांगतात. सगळी वाडी उठली. मागे राहिली ती एकटी येसाई रंगारीण, इथे ओढ्याकाठी, जिथे कापड छापायचं काम चाले. ‘माझे गुडघे गेले रे बाबांनो. झऱ्यात एकीपुरतं पाणी आहे, मी राहते,’ म्हणाली. तिच्या जिवाला घोर एकच. थोरं परमुलखात खपली, तर लेकरांना गाव सापडायचं कसं? म्हणून तिने सागाच्या फळीवर भोरकड्याचा ठसा कोरला, घरटी एकेक चादर छापून दिली आणि लेकरांकडून घोकून घेतलं, ‘कोणी काही सांगो, चादरीवर खिंड दिसते तिथूनच चढायचं.’

वाडी गेली. चार दिवसांनी उरलेली चादर दोरीवर टाकताना तिची नजर मागच्या डोंगराकडे गेली. चादर डोंगरासमोर धरून बघते, तर खिंड भलत्याच अंगाला! ठसा उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो कापडावर सुलटा उमटतो. चाळीस वर्षांत न चुकलेली येसाई त्या दिवशी रडून रडून शिणली होती. डोंगर दिसला तसाच कोरून बसली! आता लेकरं थेट कड्याला भिडणार, आणि सांगितलं तरी ऐकणार नाहीत.

‘मेले मी,’ म्हणाली. दोन दिवस नुसती पडून राहिली. मग लोहाराच्या बंद भात्यापाशी पडलेली छिन्नी-हातोडी घेतली आणि कड्याला लागली. एक पायरी कोरायची, तिच्यावर बसायचं, बसल्या बसल्या पुढची कोरायची. खायला काय होतं, देव जाणे. डोंगरानेच पोसली म्हणे. हाताची सवय म्हणून दर पायरीच्या कडेला एक पान कोरलंय, हात लावून बघा.

किती वर्षं गेली, कोण जाणे. एके सकाळी लोहाराची हौसा दोन भावंडं घेऊन आली. आईबाप वाटेतच गेले होते. उजवीकडची उघडी खिंड तिने पाहिलीसुद्धा नाही. चादर बघितली आणि डावीकडे वळली. एकशेनवव्या पायरीवर येसाई बसलेली, छिन्नी मांडीवर, हात उचलेना. वर अजून तीन हात कातळ उरला होता.

‘माझं चुकलं गं पोरी,’ येसाई म्हणाली.

‘काय चुकलं आजी? चादरीवर आहे तिथेच वाट सापडली की.’

हौसा कपारी धरून वर चढली. चादर खाली सोडून तिने भावंडांना ओढून घेतलं, मग पुन्हा उतरून येसाईच्या कमरेला तीच चादर बांधली आणि वर येऊन तिलाही ओढून घेतलं. येसाई वाडीच्या पारावर आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही असं सांगतात.

आजही कोणी वाडी सोडून निघालं की आम्ही चादर देतो, ठसा तसाच ठेवून. वरचा तीन हात कातळही कोणी फोडलेला नाही. तिथे वरून चादर सोडायची, खालच्याने धरायची. चला, उठा आता. तिथवर गेलो की आधी तुम्ही वर चढा, मग मला ओढून घ्या. माझेही गुडघे गेलेत.