पहिलटकरणीचं माहेर

"आणखी काय विचारलंस तिला?"

विचारणाऱ्या आमच्या डॉक्टर यमुनाबाई घोरपडे. तालुक्याच्या गावातलं त्यांचं प्रसूतिगृह, मी तिथली सिस्टर. समोर उभे डॉक्टर ऋतुराज, बाईंच्या हाताखाली शिकायला आलेले. हुशार पोरगा, पण हुशारीचा तोरा काय विचारू नका!

"सगळं विचारलं, बाई. वय जास्त नाही, वजन नाही. साखर नाही, मूत्रपिंडाचा त्रास नाही, जुळं नाही. आईला बीपी होतं का, तेही विचारलं. नाही म्हणाली. पहिलटकरीण आहे, एवढंच. बीपी जरा वर आहे, पण उन्हातून चालत आलीय. घरी पाठवतो."

कांचन स्टुलावर बसली होती, आठव्या महिन्याचं पोट सावरत. मागे तिची सासू.

बाईंनी दोघींकडे नुसतं पाहिलं.

"कांचन, बाळंतपणाला कुठं राहणार?"

"सासरीच."

"पहिलं ना गं? मग माहेरी का नाही?"

कांचन पदराचं टोक पिळत राहिली...

शेवटी सासूच बोलली. "माहेरी कोण आहे हिला? आई हिच्याच वेळी गेली. अंग सुजलं, डोकं दुखायला लागलं, मग आकडी आली. बाहेरचं झालंय म्हणून लोक अंगारा लावत बसले."

ऋतुराजांचा चेहरा उतरला. "पण बाई, मी विचारलं होतं... आईला बीपी..."

"खरं तेच सांगितलं तिनं. ती सूज, ती आकडी बीपीचीच. पण मोजलं होतं कुणी?"



बाईंनी कांचनला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. बऱ्याच वेळानं स्वतः तिच्या दंडाला पट्टा बांधला. आता ऊन नव्हतं, चालणं नव्हतं. तरी बीपी मघापेक्षा वरच.

कांचनचे डोळे भरून आले. "बाई, माझंही आईसारखंच होणार का हो?"

"तुझ्या आईला घरात ठेवलं होतं. तुला मी सोडतेय होय!"

इतकी वर्षं या बाईबरोबर काढली, तरी अजून थक्क व्हायला होतं.

ऋतुराज पुढे झाले. तोरा कुठल्या कुठे पळाला होता. कांचनच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतः घेतली.

"बाई, दाखल करून घेतो. काय म्हणून घेऊ?"

बाई पट्टा गुंडाळत होत्या...

"माहेरवाशीण म्हणून."