सुकरीची गेरूरंगी ओढणी

डोंगराच्या पोटाशी सात घरांचा एक पाडा होता. तिथे सुकरी राहायची, नऊ वर्षांची, काटकुळी पोर. तिचे बाबा दूर वीटभट्टीवर कामाला गेलेले. घरात आई, आणि तापानं अंथरुणाला खिळलेला धाकटा भाऊ लहानू. पाड्यात तापाची साथच आली होती, बाळांनो. पंधरा दिवस लहानूनं डोळे धड उघडले नव्हते. आई म्हणायची, उतरेल ताप. पण म्हणताना ती सुकरीकडे बघायची नाही.

एका पहाटे सुकरी मोहाची फुलं वेचायला रानात गेली. झाडाखाली पिवळ्या फुलांचा नुसता सडा पडला होता. ती टोपली भरणार, तोच करवंदीच्या जाळीतून बारीकसं कण्हणं ऐकू आलं. वाकून बघते तर काय, बोटाएवढी इवलीशी परी काट्यांत अडकलेली! तिचे चिमुकले पंख निळे-सोनेरी होते, दवानं लुकलुकत होते. सुकरीनं एकेक काटा हळूहळू बाजूला केला. हात रक्ताळले, ऊन वर आलं, फुलं वेचायची राहिली ती राहिलीच. पण पंखाला तिनं साधा ओरखडा उमटू दिला नाही.

मोकळी झालेली परी तिच्या तळहातावर बसली आणि तिनं पंखाखालून एक ओढणी काढली. ती वाऱ्यावर उलगडत मोठी मोठी होत गेली. रंग गेरूचा, स्पर्श सावरीच्या कापसाचा, आणि चित्र एकही नाही.

"तांदळाच्या पिठीनं हिच्यावर ज्याला नाचताना काढशील, तो उठून नाचेल," परी म्हणाली. "पण ज्याला पुसशील, त्याचं बळ जाईल. आणि त्याला तू किंवा तुझ्या घरचं कुणी पुन्हा काढू शकणार नाही. नीट लक्षात ठेव, बाळ."

घरी येऊन सुकरीनं आईला सगळं सांगितलं. घरात मूठभरच तांदूळ उरले होते. सुकरीनं ते भिजवून वाटले, बांबूची काडी चावून तिचा कुंचला केला आणि ओढणी पसरली. मधोमध भोपळ्याचा लांब तारपा फुंकणारा वादक काढला. त्याच्याभोवती बाबा, आई, लहानू आणि ती स्वतः. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं धड, वर डोक्याचा ठिपका, काड्यांसारखे हातपाय. ताप पुन्हा आत शिरायला नको म्हणून तिनं शेवटचा हात पहिल्या हातात गुंफला आणि रिंगण बंद करून टाकलं. पांढरी रेघ सुकली, तसा लहानू उठून बसला आणि त्यानं नाचणीची पेज मागितली. आईला रडू आवरेना.

एवढ्यात शेजारची जेठीकाकी दारात आली. तिची वनशी म्हणजे सुकरीची जिवाभावाची मैत्रीण. सकाळपासून तापानं वनशीच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरलं नव्हतं. एवढं काकीनं सांगितलं. ती दाराचा खांब धरून उभी राहिली.

सुकरीनं वाटीला चिकटलेली पिठी खरवडली आणि रिंगणाबाहेर वनशी काढली. रेघ उमटली आणि विरून गेली. पुन्हा काढली, पुन्हा विरली.

आईनं ओढणी बघितली आणि कपाळावर हात मारला. "अगं, तारप्याच्या नाचाचं रिंगण कुणी बंद करतं का? शेपूट मोकळं सोडायचं असतं. मागून येणाऱ्यानं हात धरायचा कुणाचा?"

सुकरीचं तोंड एवढंसं झालं. आता गुंफलेले हात सोडवून जागा करायची तर कुणाला तरी पुसायला हवं. बाबांना? आईला? की आत्ताच पेज प्यायलेल्या लहानूला? तिनं फार विचार केला नाही. ओल्या बोटानं तिनं स्वतःलाच पुसलं. त्या जागी वनशी काढली आणि तिचा एक हात मोकळा ठेवला. पलीकडच्या घरातून वनशीची हाक आली आणि इकडे सुकरी कोसळली.

आईनं कुंचला उचलला, पण तिची रेघ टिकेना. लहानूचीही टिकेना. सुकरीचे हात गार पडत चालले. तेव्हा वनशी भिंत धरत धरत आली. आईनं तिला परीची अट सांगितली. ती म्हणाली, मी कुठे हिच्या घरची आहे? जेठीकाकी घराघरांत धावली, सहा घरांतून चिमूट चिमूट तांदूळ आले. वनशीनं जन्मात कधी कुंचला धरला नव्हता. तिनं शेपटाशी सुकरी काढली. त्रिकोण तिरपे झाले, एक पाय आखूड राहिला. पण रेघ टिकली, आणि सुकरीनं डोळे उघडले.

मग आया आल्या आणि एकेकीनं शेपटाला आपलं आजारी पोर जोडलं. संध्याकाळी सगळा पाडा अंगणात उभा होता. सोनेरी झगमगाटात परी उतरली. तिनं बघितलं, सुकरी जरा लंगडत होती.

"तुझा पाय सरळ करू का गं?" तिनं हळूच विचारलं.

वनशीनं मान खाली घातली. सुकरीनं तिच्याकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "वनशीनं काढलाय तो."

परीचे डोळे भरून आले. या ओढणीवरची जागा आता कधी संपणार नाही, एवढं सांगून ती लख्ख उजेडात विरघळून गेली.

सुकरी जन्मभर लंगडत नाचली, आणि वनशीनं जन्मभर तिचा हात धरला.