आईच्या पावलांचे माप

एकदा एका तरुण सुताराला दूरच्या शहरातून कामाचे बोलावणे आले. तिथल्या कारखान्यात कोरीव दारे आणि चौकटी घडत, आणि त्याच्या हातचे काम पाहून मालकाने त्याला कारागिरांचा मुख्य म्हणून मागितले होते. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या, मुलीची शाळा अगदी समोर होती. पंधरा दिवसांत होकार कळवायचा होता. कुणीही हरखून जावे असे हे बोलावणे, पण याच्या तोंडचे पाणी पळाले. कारण घरात आई होती, आणि सात वर्षांपूर्वी तिची दृष्टी पूर्ण गेली होती.

गावच्या घरात ती कुणाच्या आधाराविना वावरत असे. सकाळी चहा ठेवी, देवासाठी फुले तोडी, नातीच्या वेण्या घाली. तिला दिसत नाही हे नव्या पाहुण्याला मुद्दाम सांगावे लागे. अशा बाईला परक्या खोल्यांत नेऊन बसवायचे कसे? शेजारी म्हणत, तिला मामेबहिणीकडे ठेव. बायको म्हणे, घेऊन जाऊ, मी सांभाळीन. आई म्हणे, "तुम्ही जा, माझी काळजी करू नका." सल्ला द्यायला आपल्याकडे माणसांची वाण कधीच नसते.

शेवटी तो आपल्या गुरूंकडे गेला. गुरू म्हणजे गावातले म्हातारे मिस्त्री. रंधा कसा धरावा हे त्यांनी त्याला शिकवले होते, आणि वडील गेल्यावर त्याच्या पाठीवरून हात फिरवणारेही तेच होते.

"तात्या, मी नकार कळवायचं ठरवलंय," तो म्हणाला. "आईला इथं टाकून जाणं मला जमायचं नाही. तिथं नेऊन तिचे हाल करणंही जमायचं नाही."

"खोल्या बघून आलास?"

"आलो. मापंही घेऊन आलो."

त्याने खिशातला कागद काढून दिला. जातिवंत सुतार तो, रिकाम्या खोलीत पाऊल टाकले की आधी टेप काढणार. कपाट कुठे, पलंग कुठे, मुलीचे टेबल कुठे, हत्यारांची पेटी कुठे, सारे इंचाइंचाने लिहिलेले होते. मिस्त्रींनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी करून परत दिला आणि "उद्या सकाळी चहाला येतो" एवढेच म्हणाले. शिष्य हिरमुसून घरी आला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्री हजर झाले. हातात सुती दोरीचा गुंडा होता. आई खाटेवर फुले निवडत बसली होती. "बसा भाऊजी, चहा टाकते," म्हणत ती उठली, तोच यांनी दोरीचे टोक खाटेच्या पायाला बांधले आणि दोरी सोडत तिच्या मागोमाग निघाले. ती थांबेल तिथे एक गाठ. उंबऱ्याशी गाठ, माठाशी गाठ, शेगडीशी गाठ. साखरेच्या डब्यासाठी तिने हात वर केला, तेव्हा यांनी पट्टी काढून फळीची उंचीही मोजली. सून तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तात्यांचे आता वय झाले, असे त्याला त्या दिवशी प्रथमच वाटले.

आईच्या कानांतून मात्र काही सुटत नसे.

"भाऊजी, माझ्या मागं मागं काय चाललंय?"

"माप घेतोय, वहिनी."

"कशाचं?"

"तुमच्या सकाळचं."

चहाला उकळी येईपर्यंत ती सावकाश बोलत राहिली. "दामूला वाटतं, मी शहराला भिते. शहराचं मला काय? इथं दिसत नाही, तिथंही दिसणार नाही. पण घोटभर पाण्यासाठी 'सूनबाई, जरा इकडं ये गं' म्हणून हाका मारत बसायचं, ते मला सोसायचं नाही. त्यापेक्षा इथं एकटी बरी."

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. तुला कशाची भीती वाटते, हे त्याने आईला एकदाही विचारले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली आणि डोळे भरून आले.

चहा झाल्यावर मिस्त्रींनी दोरी गुंडाळून त्याच्या हाती दिली.

"दामू, तू कपाटाचं माप घेतलंस, पेटीचं घेतलंस, आईचं तेवढं राहिलं. तिला कुठंतरी नीट बसवायचं, एवढंच तुझ्या मनात होतं. अरे, ती बसणारी बाई आहे का? तू नकार कळवलास तर गाव तुला चांगला मुलगा म्हणेल, आणि ती मात्र रोज मनात म्हणेल, माझ्यापायी पोरगं अडकलं. तेव्हा होकार कळव. आठ दिवस आधी एकटा जा. ही दोरी तिथं अंथर आणि तिच्या गाठींवर घर मांड. गाठ जुळणार नाही तिथं फळी सरकव, खुंटी ठोक. एवढी वर्षं तुला शिकवलं ते कशासाठी?"

शिष्याने वाकून नमस्कार केला.

नव्या घरात कपाट भलत्याच कोपऱ्यात गेले आणि पलंग दाराला आडवा आला. पाहायला आलेले शेजारी आपसांत हसले. एका ठिकाणी भिंतच आड येत होती, तिथे त्याने हाताला लागेल असा गुळगुळीत लाकडी दांडा बसवला, म्हणजे तिला वळण कळावे.

आई आली. पहिल्या दिवशी दिवसभर तो दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे फिरत राहिला. दुसऱ्या सकाळी त्याला जाग आली तेव्हा ती शेगडीपाशी होती. तो श्वास रोखून पडून राहिला. काही वेळाने तिने चहाचा कप आणून त्याच्या हाती दिला, स्वतःचा चहा शांतपणे संपवला आणि म्हणाली, "घर झालं पाठ. चल, आता मला तुझं शहर दाखव."

तो गडबडीने उठून चपला शोधू लागला. सामान असे भलतीकडे मांडलेले, त्याला त्या सापडेनात. आईने आपल्या केव्हाच घातल्या होत्या.