केतकीचं रिकामं यंत्र

मागांच्या खडखडाटाने जाग येणाऱ्या एका गावात केतकी कोष्टी नावाची गायिका राहत होती. ती स्वतः गाणी लिहायची, स्वतः चाली लावायची आणि बुलबुल तरंग हे बटणांचं तारवाद्य वाजवत गायची. तिच्याजवळ एक विजेवरचं यंत्रही होतं. वाजवलेला तुकडा ते टिपून घ्यायचं आणि पायाने कळ दाबली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचं. त्यावर दुसरा तुकडा, त्यावर यंत्रातलेच घुमणारे ठोके आणि या सगळ्यावर केतकीचा आवाज. मंचावर एकटी बाई बसायची आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, अख्खा ताफा आलाय.

गावच्या संगीत मंडळाने तिला दारातूनच परत पाठवलं. "हे विजेचं खूळ घरी ठेवून ये," असं अध्यक्षांनी सुनावलं. खुद्द अध्यक्षांचा तंबोरा विजेवर चालत होता, पण तो त्यांना दिसत नव्हता. वरातीत डीजे वाजवणाऱ्यांनीही तिला हाकललं. "ताई, ती तारांची किणकिण काढ. लोकांना नाचायचंय, झोपायचं नाहीये!" ज्याला त्याला तिचं अर्धंच गाणं हवं होतं, आणि प्रत्येकाला वेगळं अर्धं. केतकीने कुणाचंच ऐकलं नाही. बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, वाचनालयांचे वर्धापनदिन, जिथं मिळेल तिथं ती गात राहिली.

तिचा एक नेम होता. यंत्र रिकामं घेऊनच मंचावर चढायचं. जे काही भरायचं ते लोकांच्या डोळ्यांदेखत.

एका वर्षी तिला शहरातल्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. तिथं नाव झालं की सगळी दारं उघडतात, हे तिला ठाऊक होतं. याच संधीची ती इतकी वर्षं वाट पाहत होती. महोत्सवाचे व्यवस्थापक धायगुडे यांनी तिला मंचामागे गाठलं.

"गाणं भरून ठेवलंय ना यंत्रात?"

"नाही साहेब. मंचावरच भरते."

"अहो बाई, टीव्हीवर दिसणार आहे हे! तुम्ही नुसते ओठ हलवा. सगळे तेच करतात."

"सगळे?"

"हे बघा ना, श्रीनिवासराव. किती वर्षं झाली, इथं एक सूर लावलेला नाही त्यांनी. टाळ्या मात्र दरवर्षी!"

शेजारच्या खुर्चीत गरम पाणी पीत बसलेल्या त्या नामवंत गायकाने मान खाली घातली.

केतकी बधेना. मग धायगुड्यांनी शेवटचं सांगितलं, "तुमचा दुपारचा सराव आम्ही ध्वनिमुद्रित केलाय. गाताना चुकलात तर हात वर करा, आम्ही तो सुरू करू. माझा महोत्सव बिघडवलात, तर या मंचावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

केतकी मंचावर गेली. समोर माणसांचा समुद्र होता. तिने पहिला तुकडा छेडला आणि घाईत बोट बुलबुल तरंगाच्या भलत्याच बटणावर पडलं. यंत्राने इमानेइतबारे तो चुकीचा सूर टिपला आणि वाजवायला सुरुवात केली. फेरा संपला की बेसूर, पुन्हा फेरा, पुन्हा बेसूर. लोक खुसूखुसू हसू लागले. पडद्याआडून धायगुडे दोन्ही हात उंचावून तिला खुणावत होते.

केतकीचा हात तारांवरून उचलला गेला. नुसता वर न्यायचा, की गाणंही वाचणार होतं आणि नावही. क्षणभर तो हात तसाच राहिला. मग तिने तो खाली आणला आणि पायाने यंत्र बंद केलं.

"चुकलं माझं," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली. "बोट भलतीकडे पडलं. पुन्हा भरते."

मग पुढच्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "भर गं बाई! आम्हाला कुठं घाई आहे? घरी जाऊन भाकऱ्याच थापायच्यात!"

हशा पिकला. केतकीही हसली आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आता प्रत्येक तुकडा कसा बसतो, हे लोक श्वास रोखून पाहत होते. तारा, ठोके, आवाज असं एकेक करत गाणं उभं राहिलं. ते संपलं तेव्हा लोक टाळ्या थांबवायला तयार नव्हते.

मंचामागे धायगुडे लालबुंद झाले होते. ते श्रीनिवासरावांना म्हणाले, "चला, तुमचं ध्वनिमुद्रण लावतोय."

"नका लावू."

"आणि आवाज फाटला तर?"

"फाटू दे. माझाच आहे."

श्रीनिवासराव गायला बसले. वरच्या सुरावर आवाज खरंच फाटला. ते थांबले, ओशाळं हसले, एक पट्टी खाली उतरले आणि पुन्हा गाऊ लागले.

"हां, आत्ता आलात बघा राव!" आजी पुन्हा ओरडल्या, आणि त्या थोर गायकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

धायगुड्यांनी शब्द पाळला. त्या दोघांनाही पुन्हा बोलावलं नाही. त्यांचा महोत्सव अजून भरतो आणि तिथं कधीच कुणी चुकत नाही. पण त्या दिवशीचे श्रोते आपापल्या गावी गेले, आणि तिथून केतकीला बोलावणी येऊ लागली. श्रीनिवासरावही कधी कधी तिच्याबरोबर जातात आणि गळा साथ देईल तितकं गातात.

तात्पर्य: निर्दोष दिसण्यासाठी खोटं वाजवण्यापेक्षा चारचौघांत चुकणं आणि सुधारणं मोठं. चूक झाकणारा तिथंच अडकून पडतो, कबूल करणारा पुढचा सूर गाठतो.