बोरवंडची बिनदाराची देवळं

पाहुणे, आधी या दोन चौकटी बघा. डावीकडचं देऊळ कॅथलिकांचं, त्याच्या समोरचं मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं. चौकटी अस्सल सागवानी, पण दार एकीलाही नाही. चोरांनी नेली नाहीत. आमच्याच माणसांनी उपटून काढली, असं जुनी माणसं सांगत.

त्या काळी दोन्ही मंडळ्यांचं पटत नसे. एकाची घंटा वाजली की दुसरा मुद्दाम आपली जोरात वाजवी. मयतीलासुद्धा एकमेकांकडे जात नसत म्हणे.

तेव्हा गाव इनामदाराचं. त्यानं नदीवर बंधारा बांधायला काढला आणि दगड फोडायला वडारांची पालं आली. काम पुरं होताच त्यांना निघून जायचा हुकूम झाला. पण निम्मी माणसं तापानं फणफणलेली, एक बाई दिवस भरलेली. ती जाणार कुठं? ती हलेनात, तशी इनामदाराच्या गड्यांनी पालं पेटवून दिली, ऐन पौषाच्या थंडीत. वर दवंडी पिटली, की यांना जो आसरा देईल त्याच्या हातची जमीन जाईल.

मिशनच्या देवळात झाडलोट करणारी रूथबाई भांबळ म्हणून एक विधवा होती. तिनं कुणाला न विचारता देऊळ उघडलं आणि पोरंबाळं आत घेतली. जागा पुरेना, तेव्हा ती जन्मात पहिल्यांदा समोरच्या देवळाची पायरी चढली. तिथं फादरांच्या माघारी फ्रान्सिस मास्तर देऊळ सांभाळत. त्यांनी तिला बघितलं, तिच्यामागं कुडकुडत उभी राहिलेली माणसं बघितली आणि बाकं भिंतीला सरकवायला घेतली.

इनामदाराचा निरोप आला. दोन्ही देवळं माझ्या जमिनीवर उभी आहेत. सकाळी माणसं बाहेर काढा, दारांना माझी कुलपं लागतील.

दिवस कलताना दोन्ही मंडळ्या या मधल्या अंगणात एकत्र बसल्या. अशा त्या कधी बसल्या नव्हत्या. मिशनचे पाळक, अमोलिक आडनावाचे, माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाबरले होते. आपलीही चूल इनामदाराच्या जमिनीवरच पेटते, यांना भाकरी बांधून देऊ आणि वाटेला लावू, असं त्यांनी सुचवलं. पुष्कळांनी माना डोलावल्या.

रूथबाई उठली. म्हणाली, "पाळकसाहेब, आपल्या बापजाद्यांना या गावात कुणी ओसरीवर उभं करत नव्हतं. ते विसरायला बांधली का आपण देवळं?"

मास्तर म्हणाले, की बाई, तुझं खरं, पण कुलपं तर लागणारच.

"कुलूप दाराला लागतं, मास्तर. दारच ठेवू नका."

पाळक स्वतः उठले आणि पहार घेऊन आले. पहिला घाव त्यांनीच घातला, असं सांगतात. दोन्ही दारं निघाली, फुटली आणि याच अंगणात एका जाळात गेली. त्या जाळावर कण्या शिजल्या. त्या उबेला ती बाई बाळंत झाली.

सकाळी कारभारी कुलपं घेऊन आला आणि मोकळ्या चौकटींकडे बघत राहिला. फ्रान्सिस मास्तर उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "इनामदारांना सांगा, आमच्या प्रभूच्या आईला धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. ती चूक बोरवंडात व्हायची नाही."

कारभारी माघारी फिरला. पण इनामदारानं दावा साधला. मंडळींच्या जमिनी गेल्या, विहिरीवर पाणी बंद झालं. बाया नदीवरून हंडे वाहू लागल्या. ते बघून, तापातून उठलेले वडार पहारी आणि दगड फोडायच्या जड सुतक्या घेऊन अंगणात उतरले. खाली सगळा काळा पाषाण. पाणी लागेपर्यंत आम्ही बोरवंड सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि सोडलंही नाही. ही विहीर त्यांची. तेव्हापासून दोन्ही मंडळ्यांचा पाणवठा एक झाला, मग पंगत एक झाली, आणि पुढं सोयरिकीही झाल्या.

आजही ऊसतोडीची, मेंढरांमागची, घरातून हाकललेली माणसं इथं मुक्कामाला येतात. कुणाला जात-गाव विचारत नाहीत. दोन्हीकडच्या बाया आळीपाळीनं भाकरी देतात. मागं एका मोठ्या साहेबांनी काळजीपोटी जाडजूड लोखंडी दार करून पाठवलं. आमच्या लोकांनी ते आदरानं उतरवून घेतलं, आडवं टाकलं आणि त्याला चार पाय जोडले. या ना आत, दाखवतो. पण हळू बोला, त्याच्यावर आत्ता एक म्हातारबाबा निजलेत.